कॉलेजचे काही खेळच बातमीत का? एका सोप्या उत्तराची तपासणी

सिनॉप्सिस लिहिताना किंवा मुलाखतीची तयारी करताना आपण एक गोष्ट सर्रास करतो. ‘हे असं का घडतं?’ असा प्रश्न घेतो आणि तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत मांडून उत्तर म्हणून देतो. ऐकायला ते बरोबर वाटतं, म्हणून समोरचाही मान डोलावतो. आज अशाच एका उत्तराची तपासणी करू.

प्रश्न अमेरिकेतला आहे. तिथल्या विद्यापीठांत मुलंमुली पंचवीस-तीस प्रकारचे खेळ खेळतात. पोहणं, कुस्ती, तलवारबाजी, नौकानयन, व्हॉलीबॉल, बेसबॉल, सगळं आहे. पण टीव्हीचा पैसा आणि वर्तमानपत्रांची पानं मुख्यतः दोनच खेळांना मिळतात : पुरुषांचा फुटबॉल आणि पुरुषांचा बास्केटबॉल. (फुटबॉल म्हणजे तिकडचा, हेल्मेट घालून अंगावर धावून जायचा. आपण पायाने खेळतो तो नव्हे.) आकडा बघा. पुरुषांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क २०१० साली १४ वर्षांसाठी १०८० कोटी डॉलरना विकले गेले. मग २०१६ मध्ये करार २०३२ पर्यंत वाढवला, तेव्हा त्या जादा आठ वर्षांसाठी आणखी ८८० कोटी डॉलर ठरले. आणि खेळणारी मुलं कोण? वर्गात बसणारे विद्यार्थी.

असं का? नेहमीचं उत्तर : ‘लोकांना हे खेळ आवडतात, म्हणून माध्यमं ते दाखवतात.’

उत्तरात खोट कुठे आहे?

लोकांना आवडतं हे आपल्याला कळतं कशावरून? प्रेक्षकसंख्येवरून. प्रेक्षकसंख्या येते कुठून? जे दाखवलं त्यातून. जो सामना दाखवलाच नाही त्याचा प्रेक्षक शून्य. म्हणजे ज्या गोष्टीचं कारण शोधायचंय, तिनेच तयार केलेला आकडा आपण पुरावा म्हणून पुढे करतोय.

माझं एम.एस्सी. भौतिकशास्त्रातलं, त्यामुळे मला हे डिटेक्टरच्या भाषेत दिसतं. खोलीच्या एकाच कोपऱ्यात डिटेक्टर लावला आणि ‘कण त्याच कोपऱ्यात जास्त आहेत’ असा निष्कर्ष काढला, तर गाईड पहिल्यांदा विचारेल, ‘बाकीच्या कोपऱ्यांत मोजलंस का?’ अर्थशास्त्रवाले हेच वेगळ्या शब्दांत सांगतात : विक्रीचा आकडा मागणी आणि पुरवठा दोन्ही मिळून बनतो, नुसत्या त्या आकड्यावरून मागणी वेगळी काढता येत नाही.

मग वेगळी काढायची कशी? पुरवठा मागणीशी संबंध नसलेल्या कारणाने बदलला, अशी वेळ शोधायची. या विषयात अशा वेळा चांगल्या चार-पाच सापडतात. एकेक घेऊ. प्रत्येक वेळी पुरावा काय सांगतो आणि काय सांगत नाही, दोन्ही बघू.

तपासणी पहिली : सुरुवात कोणी केली?

अमेरिकेतली पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा फुटबॉलची नव्हती. ती १८५२ साली न्यू हॅम्पशायरमधल्या एका सरोवरावर हार्वर्ड आणि येल यांच्यात झालेली नौकांची शर्यत होती. खर्च केला एका रेल्वे कंपनीने. तिला त्या भागात प्रवासी हवे होते. आधी प्रेक्षक जमले आणि मग पैसा आला असं झालं नाही. पैसेवाल्याने प्रेक्षक यावेत म्हणून शर्यत घडवली. पहिला फुटबॉल सामना त्यानंतर १७ वर्षांनी, १८६९ मध्ये, रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला.

पुढे १८८३ मध्ये जोसेफ पुलित्झरने न्यूयॉर्कचं ‘वर्ल्ड’ हे वर्तमानपत्र घेतलं, खपाची चुरस वाढली आणि क्रीडापान नावाची गोष्ट आकाराला आली. मायकेल ओरिअर्ड या अभ्यासकाचं ‘रीडिंग फुटबॉल’ (१९९३) हे पुस्तक याच काळावर आहे. हा माणूस स्वतः व्यावसायिक फुटबॉल खेळलेला आणि नंतर साहित्याचा प्राध्यापक झालेला. त्याचं म्हणणं असं की फुटबॉलला राष्ट्रीय तमाशाचं रूप त्या काळच्या वर्तमानपत्रांनी दिलं. मैदानावर काही हजार माणसं असायची. बाकी देशाने तो सामना आधी वाचला, बघितला नंतर.

पुस्तक सुंदर आहे, पण वाचताना एक प्रश्न विचारायलाच हवा. नौकांच्या शर्यतींनाही तेव्हा वर्तमानपत्रांत भरपूर जागा मिळत होती. १८७० च्या दशकात साराटोगा इथल्या कॉलेज शर्यती मोठ्या गाजल्या होत्या. मग त्याच वर्तमानपत्रांच्या हातून एक खेळ मोठा झाला आणि दुसरा मागे पडला, असं का? नुसतं ‘माध्यमांनी घडवलं’ हे उत्तर इथे पुरत नाही. तुलनेसाठी दुसरा खेळ घेतला की लगेच त्याची मर्यादा दिसते.

माझा अंदाज असा आहे, आणि तो अंदाज म्हणूनच घ्या. नदीकाठी फाटक लावून तिकीट घेता येत नाही, बंदिस्त मैदानाला घेता येतं. शर्यत काही मिनिटांत संपते आणि लांबून नीट दिसतही नाही. फुटबॉलमध्ये वॉल्टर कॅम्पने १८८० ते १८८२ च्या दरम्यान नियम बदलले. चेंडू एका संघाच्या ताब्यात, ठरावीक प्रयत्नांत ठरावीक अंतर कापायचं, दर प्रयत्नानंतर खेळ थांबणार. त्यामुळे खेळाचे तुकडे पडले, आणि तुकडे पडलेली गोष्ट सांगायला सोपी जाते. हा कॅम्प स्वतः वर्तमानपत्रांत आणि मासिकांत फुटबॉलवर लिहायचा, हेही लक्षात ठेवा. नियम करणारा आणि बातमी लिहिणारा एकच!

तपासणी दुसरी : बेसबॉल मागे का?

बेसबॉल हा अमेरिकेचा लाडका खेळ. ‘लोकांना आवडतं म्हणून’ हे उत्तर खरं असेल, तर कॉलेज बेसबॉलही फुटबॉलच्या जवळपास गाजायला हवा होता. तो गाजत नाही. त्याची अंतिम स्पर्धा ओमाहा शहरात होते, प्रेक्षकही येतात, पण फुटबॉलशी तुलनाच नाही.

फरक वाटेत आहे. बेसबॉलच्या व्यावसायिक संघांनी स्वतःचे दुय्यम संघ पोसले. शाळेतून निघालेला मुलगा थेट तिकडे जाऊ शकतो, कॉलेजची पायरी चढलीच पाहिजे असं नाही. फुटबॉलमध्ये शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय व्यावसायिक लीगमध्ये घेत नाहीत, आणि ती तीन वर्षं घालवायला कॉलेजशिवाय धड जागा नाही. बास्केटबॉलमध्ये २००५ च्या करारापासून वय १९ आणि शाळेनंतर एक वर्ष अशी अट आहे. उद्याचा तारा आज कुठे दिसेल, तर या दोन खेळांत कॉलेजच्या मैदानावर. कॅमेरे तिथे जाणारच.

हे स्पष्टीकरण नेटकं आहे. म्हणूनच त्यावर जरा जास्त संशय घ्या. व्यावसायिक फुटबॉल लीगची स्थापना १९२० ची. येलचं सुमारे सत्तर हजार प्रेक्षकांचं स्टेडियम बांधून झालं १९१४ मध्ये. म्हणजे व्यावसायिक लीग जन्मायच्या आधीच कॉलेज फुटबॉल अवाढव्य झाला होता. जे कारण नंतर आलं ते आधी घडलेल्या गोष्टीचं कारण कसं असेल?

इथे एक फरक वहीत लिहून ठेवा : एखादी गोष्ट सुरू का झाली आणि ती टिकून का आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. व्यावसायिक वाटेचं कारण दुसऱ्या प्रश्नाला लागू पडतं, पहिल्याला नाही. कितीतरी सिनॉप्सिसमध्ये हे दोन प्रश्न एकाच वाक्यात कोंबलेले असतात आणि मग गृहीतक कुठल्याच डेटाशी जुळत नाही.

तपासणी तिसरी : कायदा

माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत रसाळ भाग हा आहे, आणि नेमकी त्याचीच चर्चा सगळ्यात कमी होते.

अमेरिकेत कॉलेज फुटबॉल शनिवारी आणि व्यावसायिक फुटबॉल रविवारी. ही वाटणी परंपरेची आहे असं वाटतं. पण तिच्यामागे कायदाही उभा आहे. १९६१ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्याने व्यावसायिक लीगना सगळ्या संघांचे हक्क एकत्र विकायची सवलत दिली, नाहीतर ती मक्तेदारी ठरली असती. पण सोबत अट घातली. सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत, जिथे कॉलेजचा सामना आहे तिथून ७५ मैलांच्या आतल्या केंद्रावरून शनिवारी व्यावसायिक सामना दाखवलात, तर सवलत गेली. थोडक्यात, हंगामातले शनिवार कॉलेजसाठी राखून ठेवले गेले. अशी राखीव जागा कॉलेजच्या पोहण्याला किंवा कुस्तीला कधी मिळाली नाही. मग शनिवारी फुटबॉलला प्रेक्षक जास्त, यात आश्चर्य काय?

आता याची उलटी बाजू. १९५० च्या दशकापासून कॉलेज क्रीडा संघटनेनेच, म्हणजे एनसीएएने, फुटबॉल टीव्हीवर किती दाखवायचा यावर बंधन ठेवलं होतं. भीती ही, की घरी बघायला मिळालं तर मैदानावर कोण येईल? १९८० च्या दशकातल्या योजनेनुसार एक संघ दोन वर्षांत मिळून जास्तीत जास्त सहा वेळा टीव्हीवर दिसू शकत होता. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जून १९८४ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला आणि हे बंधन बेकायदा ठरलं. त्यानंतर कॉलेजचे गट स्वतंत्रपणे हक्क विकू लागले आणि पडद्यावरच्या सामन्यांची संख्या झपाट्याने वाढली. चोवीस तास खेळ दाखवणारी ईएसपीएन वाहिनी १९७९ मध्ये सुरू झालेलीच होती, तिलाही माल हवा होता.

जून १९८४ च्या आधी आणि नंतर लोकांची आवड रातोरात बदलली का? नाही. बदलला तो पुरवठा, आणि बदलला न्यायालयामुळे. आपण मघाशी शोधत होतो ती वेळ हीच. पण इथेही पुरावा दोन्हीकडे कापतो. बंधन उठल्यावर एवढे सामने विकले गेले, म्हणजे दाबून ठेवलेली मागणी खरोखरच होती. ‘सगळं माध्यमांनीच रचलं’ म्हणणाऱ्यांना १९८४ अडचणीचं आहे. आणि ‘पडद्यावरचा वेळ म्हणजे मागणी’ म्हणणाऱ्यांना १९८४ च्या आधीची तीस वर्षं अडचणीची आहेत.

तपासणी चौथी : तोच खेळ, दुसरा संघ

खेळांची तुलना करताना एक त्रास असतो. दोन खेळांत सगळंच वेगळं असतं. म्हणून एकच खेळ, तीच विद्यापीठं, तेच दिवस, फक्त खेळाडू पुरुष की स्त्रिया एवढाच फरक, अशी जोडी मिळाली तर बरं. बास्केटबॉलमध्ये ती मिळते.

मार्च २०२१ मध्ये स्त्रियांच्या स्पर्धेत खेळणाऱ्या ओरेगनच्या एका खेळाडूने व्हिडिओ टाकला. पुरुषांसाठी भलीमोठी व्यायामशाळा, आणि ६४ संघांच्या मुलींसाठी डंबेलचा एक छोटा स्टँड. गदारोळ झाला आणि एनसीएएने बाहेरच्या कायदा सल्लागारांकडून चौकशी करवली. अहवालात व्यायामशाळेपेक्षा मोठी गोष्ट निघाली. स्त्रियांच्या स्पर्धेचे हक्क स्वतंत्र विकलेच जात नव्हते. इतर दोन डझनांहून अधिक स्पर्धांच्या गाठोड्यात ते बांधून दिले जायचे. ‘मार्च मॅडनेस’ हे प्रसिद्ध नावसुद्धा फक्त पुरुषांच्या स्पर्धेला वापरलं जायचं. अहवालाच्या अंदाजानुसार २०२५ मध्ये एकट्या स्त्रियांच्या स्पर्धेच्या हक्कांची किंमत वर्षाला ८.१ ते ११.२ कोटी डॉलर असू शकत होती.

म्हणजे बघा. वेगळी किंमत कधी लावली नाही, म्हणून वेगळा आकडा नाही. आकडा नाही, म्हणून ‘कोणी बघत नाही’. कोणी बघत नाही, म्हणून वेगळी किंमत नाही. हा नुसता तर्कशास्त्राचा दोष नाही. पुरुषांच्या स्पर्धेत संघ जिंकला की त्याच्या गटाला एनसीएएकडून पैसे मिळतात. स्त्रियांच्या स्पर्धेसाठी तशी सोय २०२५ मध्ये सुरू झाली. त्याआधीच्या पिढ्यांच्या मुली जिंकल्या, पण त्यांच्या जिंकण्याची त्या हिशेबात नोंदच नव्हती.

आता पुढचा आकडा, जो सगळीकडे फिरतो. २०२४ मध्ये स्त्रियांचा अंतिम सामना सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी बघितला, पुरुषांचा १ कोटी ४८ लाखांनी. असं पहिल्यांदाच घडलं. ‘बघा, दाखवलं की लोक बघतात!’ असं म्हणायचा मोह होतो. माझाही कल तिकडेच आहे. पण संशोधक म्हणून ब्रेक लावा.

एक : त्या वर्षी स्त्रियांचा सामना एबीसीवर, म्हणजे साध्या अँटेनावरही दिसणाऱ्या वाहिनीवर होता. पुरुषांचा केबलवर. दोन : त्या सामन्यात आयोवाची केटलिन क्लार्क होती, जिच्याभोवती वर्षभर चर्चा चालली होती. तीन : २०२५ मध्ये क्लार्क नव्हती. स्त्रियांच्या अंतिम सामन्याला सुमारे ८५ लाख, तर मोठ्या वाहिनीवर परतलेल्या पुरुषांच्या सामन्याला १ कोटी ८१ लाख प्रेक्षक होते. नुसतं २०२४ दाखवणं म्हणजे आलेखातला सर्वांत उंच बिंदू उचलून दाखवणं.

मग निष्कर्ष उलटा काढायचा का? तोही नाही. २०२२ मध्ये हाच सामना केबलवर सुमारे ४८ लाखांनी बघितला होता. २०२३ मध्ये तो पहिल्यांदा एबीसीवर आला आणि आकडा ९९ लाखांवर गेला. पण क्लार्क २०२३ मध्येही होती. वाहिनी आणि तारा एकाच वर्षी बदलले, दोन्हींचा परिणाम वेगळा करता येत नाही. क्लार्क नसलेलं, पण मोठ्या वाहिनीवरचं २०२५ हेच या बाबतीत सगळ्यात उपयोगी वर्ष : ८५ लाख म्हणजे २०२२ च्या दुपटीच्या आसपास. वाहिनीचा परिणाम खरा असावा, असं सुचवणारा हा पुरावा आहे. सिद्ध करणारा नाही, कारण २०२३-२४ मध्ये तयार झालेली सवयही त्यात मिसळलेली आहे. ‘सुचवतो’ आणि ‘सिद्ध करतो’ या दोन क्रियापदांत अख्खी व्हायवा अडकलेली असते.

मोजणाऱ्यांचीही तपासणी

या विषयातला सर्वांत चिकाटीचा अभ्यास शेरिल कुकी, मायकेल मेसनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. १९८९ पासून दर पाच वर्षांच्या आसपास त्यांनी लॉस एंजेलिसच्या टीव्ही बातम्यांतला खेळाचा वेळ मोजला. २०२१ च्या लेखात २०१९ चा आकडा आहे : स्त्रियांच्या खेळाला साधारण ५ टक्के, म्हणजे जवळजवळ १९८९ एवढाच. तीस वर्षं तीच पट्टी वापरली, हे या अभ्यासाचं मोठं बळ आहे.

मर्यादाही आहेत. नमुना मार्च, जुलै आणि नोव्हेंबरमधल्या प्रत्येकी दोन आठवड्यांचा. मार्चमध्ये पुरुषांच्या बास्केटबॉलचा पूर आलेला असतो (स्त्रियांची स्पर्धाही तेव्हाच असते, हे खरं). शिवाय हा अभ्यास फक्त पुरवठा मोजतो. लोकांना काय हवं होतं, याबद्दल तो काही सांगत नाही, आणि तसा दावा त्यावरून कोणी करू नये.

प्रेक्षक मोजणारी बाजूही काही स्थिर नाही. २०२० पासून अमेरिकेतल्या राष्ट्रीय प्रेक्षकसंख्येत घराबाहेर, म्हणजे हॉटेलात किंवा बारमध्ये बघणारेही धरले जातात. पट्टीच लांबली तर २०१८ आणि २०२४ चे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. लोक सर्रास ठेवतात.

मग उत्तर काय?

जेवढं पुराव्यावर उभं राहतं तेवढंच सांगतो. काही कॉलेज खेळांना एवढं लक्ष मिळतं, कारण ते ऐन वेळी विकता आणि सांगता येण्याजोगे होते. कारण उद्याच्या ताऱ्यांची वाट कॉलेजमधूनच जाते. कारण एका खेळाला कायद्याने शनिवार राखून दिला. आणि कारण एकदा जमलेल्या आकड्यांवर पुढची किंमत ठरते, त्या किमतीवर पुढचे आकडे. आवड आहेच, ती नाकारायची गरज नाही. पण ती या साखळीतली एक कडी आहे, साखळीचं टोक नव्हे.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या विषयातलं ‘लोकांना हवं असतं म्हणून’ या चालीचं एखादं वाक्य शोधा आणि त्याला चार प्रश्न विचारा. पुरावा म्हणून दिलेला आकडा त्या घटनेतूनच आलाय का? कारण घटनेच्या आधीचं आहे की नंतरचं? त्याच परिस्थितीत न घडलेलं उदाहरण कोणतं? मोजपट्टी मध्येच बदलली का?

आपल्याकडचा विषय हवा असेल, तर आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक घ्या. १९३५ पासूनची ही स्पर्धा. सुनील गावसकर मुंबई विद्यापीठाकडून याच स्पर्धेत खेळले. आज आयपीएल बघणाऱ्या वीस जणांना तिचं नाव विचारून बघा. ‘लोकांचा रस गेला’ हे उत्तर कोणीही देईल. तुम्ही मात्र जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली काढा आणि बघा : आधी काय आटलं, वाचकांचा रस, बातमीची जागा, की त्या स्पर्धेतून वर जाणारी वाट? क्रम लागला की गृहीतक आपोआप लिहिता येईल. फायली मराठीतच आहेत, आणि त्या चाळणारे फार थोडे.